सहा जागा, सात माणसं

"सोळाव्या फेरीपासून सुरुवात करा," साहेब म्हणाले. "बाकीच्या मागून."

तिने अहवालाची पानं पुन्हा लावली. शेवटच्या पानावर तिची सही सकाळीच झाली होती. चार वाजता संचालकांची बैठक होती. कंपनीचं छोटं विमान ठेवायचं की विकायचं, ते तिथे ठरणार होतं. विमान गेलं तर साहेबही फार दिवस टिकणार नाहीत, असं कार्यालयात लोक कुजबुजत होते. विमान घ्यायला त्यांनीच लावलं होतं.

"घरचं आटोपलं का सगळं?" त्यांनी विचारलं. ती दहा दिवसांनी कामावर आली होती.

"आटोपलं."

विमान महाग दिसतं, पण माणसांचे वाचलेले तास मोजले की स्वस्त पडतं, हा अहवालाचा गाभा होता. त्यासाठी तिने प्रत्येक हुद्द्याच्या तासाची किंमत काढून तक्ता केला होता. जागा कमी पडल्या की ज्याचा तास सर्वांत स्वस्त, त्याने उतरायचं. साहेबांना तो तक्ता फार आवडे. तुम्ही कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, म्हणून तर हे काम तुमच्याकडे, असं ते चारचौघांत सांगत.

सोळाव्या फेरीची गोष्ट सरळ होती. दूरच्या कारखान्यात बॉयलरचा पंप बंद पडला. बनवणाऱ्या कंपनीची माणसं आठवड्याने येणार होती. त्या जुन्या पंपाची खोड माहीत असलेला एक निवृत्त फिटर तिनेच सुचवला. रस्त्याने पूर्ण दिवस गेला असता. विमानाने त्याला दीड तासात पोचवलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून तो पाच मिनिटं नुसता ऐकत राहिला, मग बिघडलेल्या बेअरिंगवर नेमकं बोट ठेवलं. दुपारी कारखाना सुरू झाला. सहा दिवसांचं उत्पादन वाचलं. तेवढ्या बचतीत विमानाचा वर्षाचा खर्च निघाला.

"आमच्या इंजिनियरांना डिग्र्या आहेत, कान नाहीत," साहेब खूश होऊन म्हणाले. "म्हातारा विमानात घाबरला नाही?"

"नाही. नवा सदरा घालून गेले होते. वरून ढग बिनइस्त्रीच्या चादरीसारखे दिसतात म्हणाले."

"तुम्हाला सांगितलं?"

"फोनवर."

साहेबांना एक कल्पना सुचली. बैठकीत हा माणूसच उभा केला तर आकडे वाचायची गरजच नाही. त्यांनी गाडी पाठवायला सांगितलं.

"ते येऊ शकणार नाहीत," ती म्हणाली.

मग तिने सावकाश सांगितलं. परतताना जागा सहा होत्या आणि माणसं सात. तक्ता लावला. फिटरचं काम संपलं होतं, निवृत्त माणसाला पगार नव्हता, म्हणजे त्याच्या तासाला किंमत नव्हती. त्याला बसमध्ये बसवून दिलं. घाटातल्या तिसऱ्या वळणावर बस दरीत गेली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उतरवलं तेव्हा हुज्जत घातली त्याने?"

"नाही. नियम सगळ्यांना सारखा हवा, म्हणाले."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. हे अहवालात नको, असं म्हणाले. त्याच्या घरी कोण आहे, तेही विचारलं.

"एक मुलगी."

"तिने आरडाओरडा केला तर सगळंच मुसळ केरात. काय द्यायचं ते देऊ. पण तक्रार नाही असं लिहून घ्या तिच्याकडून. सही करेल ना?"

"करेल," ती म्हणाली. "एक सही तिने आधीच केलीय."

तिने फायलीतून परतीच्या प्रवाशांची यादी काढून त्यांच्यापुढे सरकवली. सातव्या नावावर लाल रेघ होती आणि शेजारी सही. साहेबांनी चष्मा लावला, सही पाहिली, मग अहवालाचं शेवटचं पान उलटून त्यावरची पाहिली.