सहा खाती

रंगनाथचा कोणावरच विश्वास नव्हता. अंबडच्या कारखान्यात पंधरा वर्षं सुपरवायझरकी केल्यावर तो उरतही नाही. एमजी रोडच्या दुकानात त्याने प्रोसेसरच्या खोक्याचं सील उजेडात धरून तीनदा तपासलं.

"आठ कोअरचा आहे साहेब. गेमची सहा खाती एकदम पळतील," दुकानदार रविराज म्हणाला. "सगळी तुमचीच का?"

"तुम्हाला काय करायचंय? माल गळ्यात मारायला तुम्ही काहीही सांगाल. इथेच चालवून दाखवा."

रविराजने मशीन जोडलं. रंगनाथने एकेक करून सहाही खाती उघडली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सकाळी कारखान्याच्या गेटवर त्याने पकडलेली लंकाबाई होती.

"साहेब, जावेचं पोरगं दवाखान्यात हाय. तिचा खाडा नको म्हणून तिचं कार्ड मी पंच केलं. लय चुकलं माझं. एवढ्या बारीला पोटात घाला."

"असली आजारपणं मी रोज ऐकतो, बाई. आज दोन कार्डं, उद्या चार! एक माणूस, एक हजेरी. उद्यापासून दोघीही येऊ नका."

फोन खिशात टाकून त्याने स्क्रीनकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. सहाही खाती न अडकता चालत होती. तरी त्याची खात्री पटेना.



मग गेमच्या रोजच्या बक्षिसासाठी त्याने सहा वेगवेगळ्या नावांनी 'आज हजर'चं बटण दाबलं.