लोखंडाची चव

"ताई, तंबूत राहायला जाताय ना? मग स्टेनलेसच घ्या," दुकानदाराने चकचकीत चाकू पुढे केला. "हा दुसरा कार्बन स्टीलचा. धार झकास, पण रोज पुसून तेल लावावं लागतं. नाहीतर गंज चढतो."

ते मला माहीत होतं. हे गेले, तेव्हापासून त्यांच्या चाकूला कुणी तेल लावलंच नव्हतं. परवा त्यांची सॅक उघडली, तर पातं पार खाल्लं गेलेलं.

"शिवाय याने कैरी कापलीत तर फोडी काळ्या पडतात. लोखंडाची चव लागते."

"तोच द्या," मी म्हणाले.

शनिवारी धरणाच्या काठावर लेकीने तंबू ठोकला. तिच्याकडे पाठ करून मी कैरी चिरली, तिखटमीठ लावलं आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. तिने फोड तोंडात टाकली आणि लहानपणी मुरडायची तसंच नाक मुरडलं.

"बाबा, किती वेळा सांगितलं, स्टेनलेसचा घ्या ना..."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलंच नाही. ताटली मांडीवर ओढून घेतली आणि एकेक करत सगळ्या काळ्या फोडी खाल्ल्या. मला एकसुद्धा ठेवली नाही.