दोरीच्या आत

नक्षी नको, वस्तू कामाला यावी, हे शंभर वर्षांपूर्वीच्या आधुनिक कलावंतांचं म्हणणं तिच्या मनात घर करून बसलं होतं. म्हणून तिने आईच्या दुखऱ्या गुडघ्यांना सोसेल अशी साधी, सरळ खुर्ची घडवली. प्रदर्शनात मात्र व्यवस्थापकाने खुर्चीभोवती दोरी लावली.

"अहो, बसायला केलीय ती!" सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला.

"ताई, ही कला आहे. बसायचं ते घरी."

शेवटच्या दिवशी वैतागून तिने दोरी सोडली आणि आईला बसवलं.

"अगंबाई, गुडघे कुरकुरलेसुद्धा नाहीत!" आई खुलली. लोक थबकले, माना डोलावत फोटो काढू लागले.

व्यवस्थापक धावत आला. आईला आत ठेवूनच त्याने दोरी पुन्हा लावली आणि हळूच म्हणाला, "आजी, प्रदर्शन संपेपर्यंत हलू नका हं."