चार गार तारा

"हात लावू नका, भाजेल," असं ठमी म्हणेपर्यंत बाबांनी बोट लावलंही होतं.

कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला वीज पुरवणाऱ्या केबलमधल्या दोन तारा चांगल्याच तापल्या होत्या. शेजारच्या चार मात्र गार. बाबांनी बोट कानाच्या पाळीला लावलं आणि तारेतून किती वीज वाहते ते दाखवणारा क्लँप मीटर मागितला. वीज कंपनीतून निवृत्त होताना त्यांनी कंपनीचं सगळं कंपनीला परत केलं होतं. एवढा मीटर स्वतःचा म्हणून घरी आणला होता.

ठमीचा कॉम्प्युटर कालपासून ऐन कामात बंद पडत होता. साधं पत्र लिहायला घेतलं तर कुरकुर नाही. पण तिच्या कार्टून फिल्ममधलं पाणी, धूर, केस हलायला लागले की ग्राफिक्स कार्ड भरमसाट वीज ओढायचं, आणि पडदा काळा. फिल्मचा शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता. फिल्म आज संध्याकाळपर्यंत पोचली तर समुद्रापलीकडच्या स्टुडिओत ठमीला तीन वर्षांचं काम पक्कं. नाही पोचली तर ते काम दुसऱ्या कुणाला.

"चालू कर," बाबा म्हणाले आणि मीटरचा चिमटा एकेका तारेभोवती धरत गेले. "हं. दोघी राबतायत, चौघी नुसती हजेरी लावून बसल्यात. आमच्या ऑफिसासारखंच. आणि बोंब कोणाच्या नावानं? तापलेल्यांच्या."

"म्हणजे नाही होणार ना?"

पोरीचा धीर सुटलाय, बाबांना वाटलं. त्यांनी मशीन बंद करवलं, केबलचा प्लग कार्डातून काढला आणि भिंग लावून पाहिलं. चार पिना आपापल्या भोकात मागे सरकल्या होत्या. समोरच्या पिनांना त्या जेमतेम टेकत होत्या, त्यामुळे सगळा भार उरलेल्या दोघींवर.

"आजकालचा माल," बाबा म्हणाले. "आणखी थोडं चाललं असतं तर प्लग वितळून पेट घेतला असता. आणि तू इथेच टेबलावर डोकं ठेवून झोपतेस."

ठमीचा चेहरा पांढराफटक पडला. "आग लागली असती?"

"नाहीतर काय, फुलं आली असती?"

पिना नीट बसवायच्या तर आधी बाहेर काढायला हव्या होत्या. त्यासाठी त्यांच्याकडे पिवळ्या मुठीची एक पोकळ सळई होती. ती पिनेची अडकण दाबते आणि पिन मोकळी करते. दुसऱ्या कशालाच तिचा उपयोग नाही. बाबांच्या हत्यारपेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कापलेला होता. सळईचा खळगा रिकामा होता.

"गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या गाडीला वापरली. तुला दाखवली नव्हती का, कशी चालते ते? तिथेच राहिली असणार."

"सळईचं काय घेऊन बसलात? गॅस चालू ठेवून बाजारात जाता तुम्ही," ठमी म्हणाली. "आणि वर मलाच सांगता, बिनधास्त जा."

"गॅस एकदाच राहिला."

"मला एकदाच कळला."

बाबांनी तिला चहा टाकायला पाठवलं आणि प्लग हातात घेऊन बसून राहिले.

प्लग गेला, नवा मागवावा लागेल, चार दिवस तरी जातील. एवढंच म्हणायचं होतं. पडताळून बघणारं कोण होतं? दाराशी तिच्या चपला राहिल्या असत्या. गॅसवरून रोजची बोलणी राहिली असती. ती गेल्यावर या घरात आवाज करणारं उरणार होतं फक्त फ्रिज.

ठमीच्या आईला एकदा बढती आली होती, दुसऱ्या शहरात. बाबा म्हणाले होते, "बघू." नाही म्हणालेच नव्हते, तसा त्यांचा स्वभाव नव्हता. बघू-बघू करता मुदत टळली. ती त्यावर कधी बोलली नाही. फक्त पुढे प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणायला लागली. पडद्यांच्या रंगाला चालेल, सहल रद्द झाली तरी चालेल. शेवटी डॉक्टरांनी मान हलवली तेव्हाही ती "चालेल" म्हणाली होती.

बाबा उठले आणि तिच्या शिवणाच्या डब्यातून दोन सुया घेऊन आले.

ठमी चहा घेऊन आली तेव्हा शेवटची पिन टक् करून बसत होती. ती दारातच थांबली.

"सळईशिवाय जमलं तुम्हाला?"

"तुझ्या आईच्या सुयांनी जमलं. कर चालू."

पाणी हललं, धूर हलला, केस उडाले. पडदा उजळलेलाच राहिला. बाबांनी पुन्हा मीटर लावून एकेक तार तपासली. "बघ, आता सहाही जणी सारखं ओझं वाहतायत. तरी पुढे केबल नवीच घे."

ऊन कलताना फिल्म पूर्ण झाली. ठमी बटणावर बोट ठेवून नुसतीच बसली.

"बाबा, पाठवू? तुम्ही सांगाल तसं."

बाबांच्या ओठांवर "बघू" आलंच होतं. त्यांनी ते चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर गिळलं.

"पाठव."

तिनं पाठवली. मग बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. आनंदाचं रडू असंच असतं, बाबांनी स्वतःला समजावलं, आणि तिच्या आईच्या वाट्याला हे कधी आलं नाही म्हणून मनातल्या मनात तिची माफी मागितली. ठमी तोंड धुवायला आत गेली.

बाबांनी एकेक हत्यार आपापल्या खळग्यात ठेवलं. पिनांवर लक्ष ठेवायला हवं होतं, म्हणून प्लग कार्डात कुठपर्यंत बसतो तिथे पेन्सिलीची खूण करावी असं त्यांच्या मनात आलं. ठमीच्या टेबलावरच्या उभ्या डब्यात ब्रशच ब्रश होते. पेन्सिल सापडेना तेव्हा त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. ब्रश घरंगळले, एक खोडरबर पडलं, आणि सगळ्यांत शेवटी, तळाशी दडपलेली एक चिंधी. तिच्यातून एक पिवळी मूठ डोकावत होती.