चावून दिलेला घास

डॉक्टरीणबाईंनी पडदा वृंदाकडे वळवला. "तुमच्या जठरातले जंतू आईकडून आलेत. तुम्ही दोन वर्षांच्या होईपर्यंत त्या रोज घास चावून भरवायच्या, असं यंत्र सांगतंय."

वृंदा खुर्चीत चुळबुळली. "यंत्र चुकतंय. आई माझ्या वेळच्या बाळंतपणातच गेली."

"मग बाहेर बसल्यात त्या कोण? नमुना त्यांच्याशीच जुळलाय."

"ती सावत्र. तिने मला कधी जवळसुद्धा घेतलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं. "चौदा दिवसांत पोटात एकही जंतू उरणार नाही."

पोटात पुन्हा कळ आली. वृंदाने पाकीट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"गोळ्या उद्यापासून घेतल्या तर चालतील?"