नवरीसाठी जागा

“इथे नको,” एर्मेते म्हणाला. “मे महिन्यात इथे डास फोडून काढतील. नवरीच्या दंडावर उठलेल्या गांधी फोटोत बऱ्या दिसतील का?”

देल्फिना हसली. तिला ही दलदल आवडली होती. सरोवराच्या टोकाला लाकडी पायवाट, दोन्ही बाजूंना माणसाच्या वर गेलेली लव्हाळी, मधूनच पाण्यात सुळकन बुडणारी पाणकोंबडी. पण बागांच्या बाबतीत बापाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एकतीस वर्षं त्याने इटलीतल्या या माज्जोरे सरोवराकाठी माळीकाम केलं होतं.

“चला पपा, बोट चुकेल.”

बेटावरच्या बागेत तो दहा मिनिटंही थांबला नाही. पांढरे मोर पिसारे फुलवून उभे होते, लोक फोटो काढत होते.

“यातला एक जरी ऐन वेळी ओरडला ना, नवरी हातातला गुच्छ टाकून पळेल,” तो म्हणाला. “आणि पायऱ्या बघ. ती उंच टाचांचे बूट घालणार, कोणाचं ऐकणार नाही. हट्टी आहे.”

“तुमच्यापेक्षा कमीच.”

“ते लिंडनचं झाड पाहिलंस? त्याच्या नुसत्या वासाने तिला शिंका लागतात. ‘हो’ म्हणायच्या जागी शिंकली तर लग्न लागलं समजायचं की नाही?”

“तुम्हाला लग्नच लावायचं नाहीये बहुतेक.”

परतीच्या बोटीत दोघं रेलिंगला टेकून उभी राहिली. समोरच्या डोंगरावर अजून बर्फ होतं. देल्फिनाने पिशवीतून पाव आणि चीज काढलं, मोठा तुकडा बापाच्या हातात दिला. त्याने तो अर्धा मोडून तिला परत दिला.

“सिरो माणूस चांगला आहे ना?” त्याने विचारलं.

“तुम्हीच तर त्याच्याशी पत्ते खेळता.”

“पत्ते खेळताना सगळेच चांगले असतात. घरी वेळेवर येतो का?”

“सहाची बोट धक्क्याला लावली की थेट घरी. वाटेत कुठे टेकत नाही.”

“मग ठीक आहे.” त्याने पावाचा तुकडा उगाचच उलटसुलट केला. “मी नाही यायचो.”

देल्फिना पाण्याकडे बघत राहिली. “आई खिडकीत बसलेली असायची,” ती म्हणाली. “ताटावर ताट झाकून.”

“माहीत आहे मला.”

“तुम्हाला कुठून माहीत? तुम्ही अंधार पडल्यावर यायचात.”

“म्हणूनच माहीत आहे. खालच्या वळणावरून दिवा दिसायचा. मला वाटायचं, आहे ना दिवा, मग सगळं ठीक आहे.”

तिने त्याच्या हातात हात घातला.

तिसरी जागा ही त्याचीच बाग होती. म्हणजे एका जुन्या सरदार घराण्याची, पण झाडं त्याच्या हातची. फाटकातून आत शिरताच त्याची चाल बदलली. वाटेत त्याने दोन वाळलेल्या फांद्या मोडल्या आणि कॅमेलियाच्या आळ्यातलं तण उपटून खिशात घातलं.

“पपा, निवृत्त झालात तुम्ही.”

“तणाला कुठे ठाऊक आहे ते?”

मोठी हिरवळ ओलांडून, बांबूच्या बनामागून तो तिला पार खाली घेऊन गेला. तिथे एक अर्धगोल ओटा होता, पाण्याला लागूनच. वर जुन्या मॅग्नोलियाची सावली, मागे पांढऱ्या अझेलियाची रांग, अजून कळ्यांत. एकही पायरी नाही. वारा सरोवरावरून येत होता.

“साडेअकरानंतर इथे ऊन येत नाही,” तो म्हणाला. “ऊन लागलं की तिचं डोकं धरतं. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात ही अझेलिया अशी फुलते की पान दिसत नाही.”

देल्फिनाने कळ्यांच्या रांगेवरून हात फिरवला.

“घरातल्या कोणालाच कधी आणलं नाहीत तुम्ही इथे,” ती म्हणाली.

“रविवारी आणू म्हणायचो. रविवारी लोकांची गर्दी असायची, तेव्हा कामावर मी.” त्याने एका कळीवरची मुंगी बोटाने अलगद उचलून बाजूला ठेवली. “ही रांग लावली तेव्हा गुडघ्याएवढी होती. म्हटलं होतं, मोठी झाली की दाखवू.”

“आता दाखवा.”

“हो. आता दाखवणार.”

बागेच्या कचेरीतल्या बाई नवीन होत्या, त्याला ओळखत नव्हत्या. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि अर्ज समोर ओढला. तारीख लिहिली, पाहुणे साठ लिहिले. एर्मेतेने ओट्याची जागा नकाशावर बोट ठेवून दाखवली.

“सुरेख निवड,” बाई म्हणाल्या. “तिथपर्यंत नवरीला हाताला धरून कोण आणणार?”

“मी,” एर्मेते म्हणाला.

बाईंचा चेहरा मऊ झाला. “नवरीचं नाव?”

“ओर्नेल्ला बोनोमी.”

बाईंनी लिहून घेतलं आणि देल्फिनाकडे बघून कौतुकाने हसल्या. “नवरीच्या वडिलांचं नाव? म्हणजे तुमचंच.”

“नाही. ते वारले, पुष्कळ वर्षं झाली,” एर्मेते म्हणाला. “म्हणून तर तिने मला विचारलं.”

बाईंचं पेन थांबलं. “मग आपण नवरीचे कोण?”

त्याने शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

“पहिला नवरा,” तो म्हणाला. “ही आमची मुलगी.”