लाल पट्टी, निळी पट्टी

दोघी बहिणींची नावं एकाच वेळी पुकारली गेली. तलवारबाजीच्या लढतीसाठी थोरलीला लाल पट्टी, धाकटीला निळी. मध्ये अख्खं सभागृह, आणि दोघींचा प्रशिक्षक एकच. तोच त्यांचा बाप.

"आता गं?" बाबा म्हणाले. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. प्रत्येक पट्टीच्या टोकाला प्रशिक्षकासाठी एक खुर्ची मांडलेली होती.

"आता काय? तुम्ही चिमणीकडे बसा," थोरली म्हणाली. "एवढी जगभरची माणसं बघून ती बावरलीय. सकाळी दूधसुद्धा प्यायली नाही."

"आणि तू?"

"मी काय, जुनं खोड."

बाबांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. तिनं तलवारीला गुणाचा दिवा पेटवणारी वायर जोडून वर पाहिलं, तोवर ते निम्मं सभागृह ओलांडून गेले होते.

थोरलीची या जागतिक खेळांना यायची ही दुसरी वेळ. गेल्या खेपेला ती पहिल्याच फेरीत हरली होती. आता तिशी उलटली होती. चार वर्षांनी पुन्हा कुणी निवडेल, असं तिला वाटत नव्हतं, आणि घरातही तसं कुणी म्हणत नव्हतं.

समोरची डावखुरी होती, उंच, आणि तिचं नाव मोठं होतं. विश्रांतीच्या मिनिटात डावखुरीच्या प्रशिक्षकानं तिची मान पुसली, तिला पाणी पाजलं, कानाशी लागून काहीतरी सांगितलं. थोरलीनं आपली बाटली आपणच उघडली. तेवढ्यात निळ्या पट्टीकडून आवाज आला, "शाब्बास चिमणे! अस्सं! आता थांब, घाई नको!"

तोंडात पाण्याचा घोट तसाच धरून तिनं ते ऐकलं. मग मुखवटा खाली ओढला.

शेवटी थोरली आणि डावखुरी बरोबरीत आल्या. आता एकच वार. डावखुरी झेपावली. थोरली घाई न करता उभी राहिली आणि तिच्या मनगटावर अलगद टोक टेकवलं. थोरलीच्या बाजूचा दिवा लागला. तिनं मुखवटा वर फेकला, आनंदानं आरोळी ठोकली आणि मागे वळली.

खुर्ची रिकामी होती. आरोळी मध्येच तुटली.

"छान खेळलात हं," वायर सोडवणारा माणूस म्हणाला, आणि पुढच्या जोडीसाठी ती गुंडाळायला लागला.

निळ्या पट्टीवरची लढत आधीच संपली होती. चिमणी खाली बसली होती, मुखवटा मांडीत घेऊन. बाबा तिच्यापुढे उकिडवे बसून तिचे डोळे पुसत होते. थोरली धावतच तिकडे निघाली होती. मध्यावर तिचे पाय थांबले. असं तोंडभर हसू घेऊन तिथं जायचं कसं? तिनं टॉवेलनं चेहरा पुसला, आणि सरावाच्या खोलीत जाऊन बसली.

बऱ्याच वेळानं बाबा आले. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. ते शेजारी टेकले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे, ताई," ते म्हणाले. धाकटी म्हणायची म्हणून तेही तिला ताईच म्हणत. "त्या डावखुरीपुढे भलेभले टिकत नाहीत. तू काही मनाला लावून घेऊ नकोस. चिमणीला खोलीवर पाठवलंय. फार रडली गं पोर. संध्याकाळी आपण तिघं बाहेर जाऊ कुठेतरी."

थोरलीनं नाडीची गाठ मारली. मग दुसरी मारली.

"बाबा, माझी पुढची लढत आहे. आता बोलावतील."

ते तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तू..."

"एका गुणानं."

"अगं, मग सांगायचं नाहीस?" त्यांनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "वेडी कुठली! चल, ऊठ. आता मी बसतो तुझ्या मागे. पाणी, टॉवेल, सगळं मी बघतो."

आणि ते बसले. पाठीशी आपलं माणूस आहे म्हटल्यावर थोरलीचे पाय हलके झाले. विश्रांतीत त्यांनी तिला पाणी पाजलं, तिची मान पुसली. ती पुढे होती. मग समोरचीनं एकेक करत गुण भरून काढले, आणि ही लढतही शेवटच्या वारावर येऊन ठेपली. बाबा खुर्चीतून कधी उठले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

समोरची सरसावली.

"मागे हो!" बाबा जिवाच्या आकांतानं ओरडले. "चिमणे, मागे हो! मागे!"

थोरलीची नजर निमिषभर निळ्या पट्टीकडे गेली. तिथं दुसऱ्याच कुठल्या देशाच्या दोघी खेळत होत्या. तेवढ्यात तिच्या छातीवर टोक टेकलं आणि समोरचीचा दिवा लागला.

तिनं पंचांशी हात मिळवला, समोरचीशी मिळवला, आणि पट्टीवरून खाली उतरली. बाबा टॉवेल घेऊन उभे होते. त्यांचा घसा बसला होता.

"किती ओरडलो मी, मागे हो, मागे हो! ऐकू नाही आलं तुला?"

"आलं की," टॉवेल घेत ती म्हणाली. "मला वाटलं, तिला सांगताय."